घोडशिरेची गोष्ट

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मुलांच्या हाडांच्या तपासणीचा दिवस असला, की पुण्यातल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयातल्या बाकांवर एक दृश्य हमखास दिसते. एका आईच्या मांडीवर दोन-तीन आठवड्यांचे बाळ असते. दुपट्याखालून त्याचे पाऊल बाहेर आलेले असते. ते आत मुरडलेले, तळवा वर वळलेला. शेजारच्या आईजवळ चार-पाच वर्षांचा मुलगा असतो. त्याचे पाऊल बघायला ठीकच असते. पण त्याला उभे केले, की तो चवड्यांवर उभा राहतो, गुडघे एकमेकांवर घासतात आणि पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात. दोघी एकमेकींच्या मुलांकडे बघतात. दोघींच्या लक्षात एकच गोष्ट येते. दोन्ही मुलांची टाच जमिनीला टेकत नाही.

दोघींना घरी ऐकावे लागलेलेही बहुधा सारखेच असते. "ग्रहण नीट पाळले नव्हतेस का?" "गरोदरपणी वाकडे बसलीस का?" "कुणाची नजर लागली असेल." आपल्याकडे वाकड्या पायाचे खापर फोडायला आईसारखी सोयीची जागा दुसरी नाही.

प्रत्यक्षात हे दोन आजार अगदी वेगळे आहेत. पहिल्या बाळाचा दोष पावलात आहे. डॉक्टर त्याला क्लबफूट म्हणतात, केसपेपरवर 'सीटीईव्ही' लिहितात. दुसऱ्या मुलाचा दोष पावलात नाहीच, तो मेंदूत आहे. त्याचे नाव सेरेब्रल पाल्सी. पहिला आजार वेळेत आलात तर काही आठवड्यांत आटोक्यात येतो. दुसरा जन्मभर सोबत करतो. मात्र दोन्हींच्या उपचारात शल्यविशारदाची सुरी ज्या ठिकाणी जाते, ते ठिकाण पुष्कळदा एकच असते : टाचेमागची ती जाड शीर, जिला आपण घोडशीर म्हणतो. आजची गोष्ट या शिरेची आहे.

'सरळ मूल' असा अर्थ

ऑर्थोपेडिक्स म्हटले, की आपल्या डोळ्यांसमोर म्हाताऱ्या माणसांचे गुडघे येतात. पण हा शब्द जन्मला तो लहान मुलांसाठी. १७४१ मध्ये निकोला आंद्री या फ्रेंच वैद्याने दोन ग्रीक शब्द जोडून तो तयार केला. एकाचा अर्थ सरळ, दुसऱ्याचा मूल. मुलांच्या शरीरातले वाकडेपण आई-बापांनी कसे टाळावे आणि दुरुस्त करावे, हे सांगणारे पुस्तक त्याने लिहिले. त्यातले एक चित्र आजही जगभरच्या अस्थिरोग संस्थांच्या बोधचिन्हांवर आढळते. वाकडे वाढलेले एक झाड आणि ते सरळ व्हावे म्हणून त्याला खुंटाशी दोरीने बांधलेले.

चित्र सुंदर आहे. पण मुलाला सरळ करणे हेच उपचाराचे ध्येय, अशी जी समजूत या चित्रात आहे, तिने पुढच्या अडीचशे वर्षांत भले आणि बुरे दोन्ही केले. ते कसे, हे समजण्यासाठी एका माणसाची ओळख करून घ्यायला हवी.

विल्यम जॉन लिटल याचा जन्म १८१० मध्ये लंडनमध्ये एका खानावळवाल्याच्या घरी झाला. लहानपणी त्याला पोलिओ झाला आणि डावे पाऊल वाकडे झाले. पाऊल बरे करण्याच्या ध्यासानेच तो वैद्यकाकडे वळला. त्या काळी घोडशीर कापून टाच खाली आणण्याची शस्त्रक्रिया ठाऊक होती, पण जखम चिघळत असे. जंतूंची कल्पनाच अजून कुणाला नव्हती. लंडनमधल्या जाणत्या डॉक्टरांनी लिटलला असल्या फंदात पडू नकोस, असेच बजावले.

इकडे जर्मनीतल्या हॅनोव्हर गावी स्ट्रोमायर नावाच्या शल्यविशारदाने १८३१ मध्ये एक युक्ती काढली होती. मोठी जखम करायचीच नाही. बारीक छिद्रातून पातळ पाते आत सरकवायचे आणि कातडीच्या आतल्या आत शीर तोडायची. १८३६ मध्ये लिटल त्याच्याकडे गेला, स्वतःच्या पायावर ही शस्त्रक्रिया करून घेतली आणि बरा झाला. एवढ्यावर न थांबता तो ती शिकला. १८३७ मध्ये लंडनला परतून त्याने ती तिथे सुरू केली आणि पुढे एक संस्था काढली. तीच वाढत जाऊन रॉयल ऑर्थोपीडिक हॉस्पिटल झाली.

वाकड्या पायाची मुले लिटलकडे येऊ लागली. त्यांच्यात त्याला वेगळीच मुले दिसू लागली. त्यांचे पाऊल जन्मतः वाकडे नव्हते. सगळे शरीरच ताठ होते. त्याने त्यांच्या जन्माची हकिकत विचारायला सुरुवात केली. कुणी दिवस भरण्याआधी जन्मलेले, कुणी अडलेल्या बाळंतपणातले, कुणी जन्मल्यावर बराच वेळ रडलेच नव्हते. १८६१ मध्ये लंडनच्या प्रसूतिशास्त्राच्या सभेपुढे त्याने आपला निबंध वाचला. कित्येक वर्षे हा आजार 'लिटलचा आजार' या नावानेच ओळखला जात होता. आजचे त्याचे नाव सेरेब्रल पाल्सी.

म्हणजे पाहा, बाकावर शेजारी बसलेल्या त्या दोन मुलांना प्रथम वेगळे ओळखले ते एका अशा डॉक्टरने, ज्याने स्वतः वाकड्या पायाने बालपण काढले होते.

या गोष्टीत आणखी एक नाव येते, ते ऐकून नवल वाटेल. सिग्मंड फ्रॉइड. मनोविश्लेषणाकडे वळण्यापूर्वी तो मज्जातंतूंचा डॉक्टर होता. १८९७ मध्ये त्याने या आजारावर एक ग्रंथ लिहिला. बाळंतपण अडले म्हणून मेंदूला इजा झाली, असे प्रत्येक वेळी समजू नका, असे त्याचे म्हणणे. गर्भाच्या वाढीतच आधी काही बिघडले असेल आणि त्यामुळेच बाळंतपण अडले असेल. त्याकडे तेव्हा फारसे कुणी लक्ष दिले नाही. पुढच्या संशोधनाने मात्र त्याचे म्हणणे पुष्कळ अंशी खरे ठरवले. अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मवेळी प्राणवायू कमी पडणे, तीव्र कावीळ, मेंदूचा जंतुसंसर्ग ही कारणे खरीच. पण अनेक मुलांत मूळ गर्भावस्थेत असते आणि कित्येकांत बोट दाखवता येईल असे एक कारण सापडतच नाही. 'तुझ्याच चुकीने झाले' हे आईला सांगणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

पोलिओने बांधलेली घरे

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्रात अपंग मुलांच्या उपचाराची घडी बसली ती मुख्यतः दोन संकटांमुळे, युद्ध आणि पोलिओ. दुसऱ्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या जवानांसाठी १९४४ मध्ये पुण्यात लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. पुढे नागरिकांनाही त्याचा लाभ झाला. चामडे, लाकूड आणि लोखंड यांतून माणसाला उभे करण्याची कारागिरी या शहरात तेव्हापासून आहे.

मुंबईत १९४७ मध्ये फातेमा इस्माईल या बाईंनी पोलिओग्रस्त मुलांसाठी उपचारकेंद्र सुरू केले. त्यांच्या स्वतःच्या लहानग्या मुलीला पोलिओ झाला होता. तिच्या उपचारासाठी वणवण करताना त्यांना उमगले, की आपल्याजवळ निदान वणवण करण्याची ऐपत तरी आहे. ज्यांच्याजवळ तीही नाही, त्यांनी कुठे जायचे? त्या प्रश्नातून हाजी अलीचे मुलांचे अस्थिरोग रुग्णालय उभे राहिले. त्याच परिसरात १९५५ मध्ये केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आली. पुण्यात डॉ. कांतिलाल संचेती यांनी १९६५ मध्ये लहान प्रमाणावर सुरू केलेल्या कामाचे पुढे शिवाजीनगरच्या मोठ्या अस्थिरोग संस्थेत रूपांतर झाले. त्या पिढीतल्या अस्थिशल्यविशारदांचा हात बसला तो पोलिओच्या मुलांवर. कॅलिपर, कुबड्या, शीर एका जागेवरून काढून दुसरीकडे जोडणे, हे त्यांचे रोजचे काम.

मग लस आली. १९९५ पासून पल्स पोलिओच्या मोहिमा झाल्या. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. पण बाके रिकामी झाली नाहीत. पोलिओची गर्दी ओसरली तसे तिच्यामागे इतके दिवस झाकले गेलेले ते ताठ अंगाचे मूल दिसू लागले.

इथे एक मोठी अडचण होती. पोलिओत स्नायू लुळा पडतो, मेंदूचा हुकूम मात्र ठीक असतो. सेरेब्रल पाल्सीत उलटे. स्नायू धडधाकट असतो, हुकूमच चुकीचा येतो. त्यामुळे पोलिओवर यशस्वी ठरलेले शस्त्रक्रियेचे नियम इथे जसेच्या तसे लावले, की घोटाळा होतो. घोडशीर हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण. मूल चवड्यावर चालते म्हणून लहान वयातच शीर भरपूर लांब केली, तर टाच टेकते, आई-बाप खूश होतात. पण पोटरीचा स्नायू हा उभे राहतानाचा मोठा आधार. तोच कमजोर झाला, की दोन-चार वर्षांत मुलाचे गुडघे वाकू लागतात आणि ते बसल्यासारखे, दबकत चालू लागते. आधीची चाल बरी म्हणायची वेळ येते आणि ते परतवणे फार कठीण असते.

दुसरी चूक तुकड्यातुकड्यांनी शस्त्रक्रिया करण्याची. या वर्षी टाच, पुढच्या वर्षी गुडघा, त्याच्या पुढच्या वर्षी मांडी. कॅनडातले मुलांचे शल्यविशारद मर्सर रँग यांनी याला 'वाढदिवसाचा आजार' असे मार्मिक नाव दिले. कारण मुलाचा प्रत्येक वाढदिवस रुग्णालयातच. त्यानंतर विचार बदलला. मुलाची वाढ होऊ द्यायची, चाल बारकाईने तपासायची आणि जिथे जिथे करायचे ते शक्यतो एकाच वेळी करायचे. तोवर व्यायाम, स्प्लिंट, प्लास्टर आणि १९९० च्या दशकापासून स्नायूचा ताठरपणा काही महिने उतरवणारी बोटॉक्सची इंजेक्शने.

मुंबईत हाजी अलीच्या रुग्णालयात डॉ. पेरिन मुल्लाफिरोज यांनी या मुलांच्या उपचारात आयुष्य घातले. फक्त हाडांकडे पाहून भागत नाही, हे त्याच शहरात दुसऱ्या एका आईने दाखवून दिले. डॉ. मिठू अलूर यांच्या मुलीला, मालिनीला, सेरेब्रल पाल्सी होती. तिच्यासाठी शाळा मिळेना म्हणून त्यांनी १९७२ मध्ये स्पॅस्टिक्स सोसायटी स्थापन केली. मालिनी चिब पुढे उच्चशिक्षित झाल्या आणि एका बोटाने टंकलेखन करून त्यांनी आत्मकथन लिहिले. त्यांचे पाय सरळ झाले का, हा प्रश्न त्यांच्यापुढे फारच छोटा वाटतो.

पुण्याचा वाटा निराळा आहे. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात १९८७ ते १९८९ या काळात दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या नवजात बालकांची नोंद करून त्यांचा पाठपुरावा सुरू झाला. आणि तो थोडाथोडका नव्हे, ती मुले अठरा वर्षांची होईपर्यंत चालला. आपल्यासारख्या देशात, जिथे पत्ते बदलतात, माणसे गाव सोडतात, तिथे ही मोठी चिकाटी आहे. मोठेपणी या मुलांची बुद्धी सरासरीने सामान्य मर्यादेत असली, तरी पुरेशा वजनाने जन्मलेल्यांपेक्षा ती थोडी मागे राहते, असे त्यातून दिसले. पण मला त्यातला दुसरा धडा महत्त्वाचा वाटतो. काचेच्या पेटीतून बाळ जगून घरी गेले म्हणजे काम संपले नाही. तिथून ते सुरू होते. मान कधी धरली, कधी बसले, एकच हात का वापरते, मुठी का उघडत नाही, हे कुणीतरी पाहत राहावे लागते.

ज्याला शस्त्रक्रिया नकोशी होती

आता पहिल्या बाळाकडे वळू. हजार बाळांमागे सुमारे एक बाळ मुरडलेले पाऊल घेऊन जन्मते. मुलींपेक्षा मुलग्यांत हे प्रमाण दुप्पट असते आणि सुमारे निम्म्या बाळांत दोन्ही पाय वाकडे असतात. हळूहळू हाताने वळवून पट्ट्यांनी बांधावे, हे हिपोक्रेटिसने चोवीसशे वर्षांपूर्वी सांगून ठेवले होते. पण विसाव्या शतकात भूल सुरक्षित झाली, जंतुनाशके आली आणि सुरीला बळ आले. १९७० च्या दशकापासून पाऊल बाजूने उघडून सगळे आखडलेले बंध एकदम मोकळे करण्याच्या मोठ्या शस्त्रक्रिया जगभर होऊ लागल्या. पाऊल सरळ दिसे. मात्र ही मुले पंचविशी-तिशीत पोहोचली, तेव्हा त्यांतल्या अनेकांची पावले ताठ आणि दुखरी झाली होती.

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात एक माणूस १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून वेगळे सांगत होता. त्याचे नाव इग्नासियो पोन्सेटी. जन्म १९१४ चा, स्पेनच्या मिनोर्का बेटावरचा. यादवी युद्धात हरलेल्या बाजूच्या जखमींवर उपचार करून तो देश सोडून निघाला, मेक्सिकोत खेडुतांचा डॉक्टर झाला आणि मग आयोवात आला. शस्त्रक्रिया केलेली पावले उघडून पाहिल्यावर त्यातले व्रण त्याला दिसले. त्याने ठरवले, की बाळाचे बंध अजून लवचिक असतात, ते कापायचे कशाला?

त्याची पद्धत ऐकायला अगदी साधी. दर आठवड्याला पाऊल बोटांनी अलगद, ठरावीक क्रमाने वळवायचे आणि मांडीपर्यंत प्लास्टर घालायचे. पाच-सहा प्लास्टरांत पाऊल वळणावर येते. उरते ती टाच. ती खाली यावी म्हणून बहुतेक बाळांत जागा बधिर करून घोडशीर बारीक छेदातून तोडायची, लिटलच्या पायात तोडली होती तशीच. मग तीन आठवडे शेवटचे प्लास्टर. तेवढ्यात तान्ह्या बाळाची शीर नव्या लांबीने पुन्हा जुळून येते. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला महाग पडू शकणारी तीच शीर इथे बाळाचे पाऊल सोडवते. शीर तीच आहे, पण मूल वेगळे, वय वेगळे आणि आजारही वेगळा आहे.

पोन्सेटीने १९६३ मध्ये निबंध लिहिला, १९९६ मध्ये पुस्तक लिहिले. डॉक्टरांनी फार मनावर घेतले नाही. मग इंटरनेट आले. शस्त्रक्रियेची तारीख मिळालेल्या आई-बापांनी एकमेकांना कळवायला सुरुवात केली, की आयोवात एक म्हातारे डॉक्टर आहेत, ते कापत नाहीत. आई-बाप विचारू लागले, तेव्हा डॉक्टर शिकू लागले. पोन्सेटी २००९ मध्ये वारले, तोपर्यंत त्यांची पद्धत जगाने स्वीकारली होती. भारतात क्युअर इंडियासारख्या संस्थांनी २००९ नंतर सरकारी रुग्णालयांबरोबर ती पसरवली. त्याआधी उशिरा येणाऱ्या मुलांसाठी मुंबईचे डॉ. बी. बी. जोशी यांनी तयार केलेल्या, तारा आणि सळ्यांच्या 'जेस' या साधनाने पाऊल दिवसादिवसाने ताणून सरळ करण्याचा मार्ग अनेकांनी वापरला. महाराष्ट्राची ती देणगी.

पण या पद्धतीचा खरा कस प्लास्टर सुटल्यावर लागतो. दोन बूट आणि मधे पट्टी असलेला स्प्लिंट पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास घालायचा आणि पुढे चार वर्षांचे होईपर्यंत रात्री. बाळ पहिल्या रात्री रडते. आजीला पाहवत नाही. "पाय तर छान सरळ झालाय, कशाला छळता पोराला?" असे म्हणून बूट कपाटावर जातात. काही महिन्यांत पाऊल पुन्हा आत वळू लागते. हा आजार उलटण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. रात्री उठून बूट चढवणारी आई हीच इथली खरी शल्यविशारद.

सरळ म्हणजे काय?

आंद्रीच्या त्या झाडाकडे पुन्हा पाहू. क्लबफूटच्या बाळाला ते चित्र लागू पडते. लवकर बांधा, सैल पडू देऊ नका, झाड सरळ वाढते. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला ते लागू नाही. तिथे बांधूनही झाड सरळ होईलच असे नाही आणि सरळ झाले नाही म्हणून ते फळणार नाही, असेही नाही.

१९९७ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी या मुलांच्या हालचालींचे पाच स्तर ठरवले. पहिल्या स्तरातले मूल चालते, पळते. पाचव्यातल्या मुलाला मानही सावरता येत नाही. मूल पाच वर्षांचे होईपर्यंत ते साधारण कुठवर जाईल, याचा अंदाज येतो. हा अंदाज आई-बापांना स्पष्ट सांगणे कठीण असते, पण तो न सांगणे अधिक क्रूर. कारण 'चालेल का?' या एकाच प्रश्नामागे धावताना घर विकले जाते, मूल शाळेत जायचे राहते आणि दरम्यान गुपचूप खुबा निखळत असतो. या मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुलांचा खुबा सरकतो. पाचव्या स्तरात तर दहांतल्या नऊ मुलांचा. सुरुवातीला दुखत नाही, म्हणून कळत नाही. स्वीडनने १९९४ पासून ठरावीक काळाने एक्स-रे काढण्याचा नेम ठेवला आणि खुबे निखळणे जवळजवळ थांबवले. त्यासाठी लागते एक्स-रेचे यंत्र आणि आठवण. दोन्ही आपल्याकडे आहेत.

कायदेही आहेत. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात हा आजार आला, १९९९ मध्ये राष्ट्रीय न्यास स्थापन करणारा कायदा झाला आणि २०१६ च्या कायद्यात सेरेब्रल पाल्सीची नोंद वेगळी झाली. २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुरडलेले पाऊल जन्मतःच हुडकायचे आहे आणि विकासात मागे पडणारे मूलही.

तरीही २०१९ च्या डिसेंबरात, सूर्यग्रहणाच्या दिवशी, आपल्या सोलापूरच्या शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यात अपंग मुलांना बरे वाटावे म्हणून गळ्यापर्यंत मातीत पुरून ठेवल्याच्या बातम्या आल्या. ते आई-बाप दुष्ट नव्हते. मुलासाठी काहीतरी करावे, ही त्यांची तळमळ त्या बाकावरच्या दोघींसारखीच होती. त्यांच्यापर्यंत दुसरे काही पोहोचले नव्हते, एवढेच.

म्हणून कुणाच्या घरी असे बाळ असेल, तर शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ग्रहणाची चौकशी करू नये. पाऊल जन्मतः मुरडलेले असेल, तर 'मोठेपणी होईल सरळ' असे न म्हणता पहिल्या काही आठवड्यांतच रुग्णालयाची वाट दाखवावी. आणि पुढे बूट सुटला तर आजीला समजवावे. मूल ताठ असेल, बसायला-उभे राहायला उशीर करत असेल, तर 'चालेल का?' याच्याबरोबर आणखी तीन प्रश्न डॉक्टरांना विचारावेत. खुब्याचा एक्स-रे कधी काढायचा? ते नीट बसावे म्हणून काय करायचे? आणि त्याला कुठल्या शाळेत घालायचे?

पंढरीची वाट पायी चालण्यात धन्यता मानणारा आपला समाज आहे. चालण्याचे मोल आपल्याला कुणी सांगायला नको. त्या बाकावरचे तान्हे बाळ वेळेत आले, तर उद्या ती वाट चालेल. शेजारचा मुलगा कदाचित चाकाच्या खुर्चीतून जाईल. त्याच्यासाठी रस्त्यात जागा ठेवणे आपल्या हातात आहे.